पन्हाळ्याची चक्कर

“पण सर, पहिल्या वर्षातून मला सूट का नाही मिळणार?”

ऋता शेणोलीकरला बसवतच नव्हतं. पहाटेच पुण्याहून मोटरसायकल दामटत निघालेली ती थेट कोल्हापुरात, नाईकधुरे सरांच्या ओसरीवर येऊन थडकली होती. फायनान्सच्या पदव्युत्तर वर्गात तिला प्रवेश मिळाला होता. सॉफ्टवेअरची नोकरी तिने कालच सोडली होती. आनंद नुसता उतू चालला होता.

सरांची उभी हयात बँकेत कर्जं मंजूर करण्यात गेली होती. आता ते याच वर्गाच्या पहिल्या वर्षाला शिकवत. सूट द्यायची की नाही, हे त्यांच्या हाती होतं.

“कर्ज कुणाला द्यावं, हे ठरवणारा प्रोग्राम मी लिहिलाय, सर! माणूस फेडेल की बुडवेल, डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो. नव्या पोरांच्यात बसून मी काय शिकू?”

सर फाटकाकडे बघत होते.

“गाडी तुझी?”

“हो! पहिल्या पगारापासून साठवून घेतलीय. कुणाला हात लावू देत नाही.”

“किल्ली दे.”

ऋताने किल्ली मुठीत घट्ट धरली.

“चालवता येते तुम्हाला?”

“यायची.”

“जाणार कुठे?”

“पन्हाळ्यापर्यंत. वाटलं तर पुढे.”

“आणि परत?”

“येईन की.”

सरांनी हात पुढे केला. म्हातारा, सुरकुतलेला हात. प्रोग्रामला विचारलं असतं, तर त्याने तत्काळ नकार दिला असता.

ऋताने सरांच्या डोळ्यांत पाहिलं. मग किल्ली दिली.

गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा हिसका देऊन पळाली. सर वळणाआड दिसेनासे झाले.

सरांच्या घरच्या काकूंनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली. ऋता फाटकाशीच उभी. रस्त्यावर इंजिनाचा आवाज झाला की मान उंचावायची. दुसरीच गाडी निघायची. आपण वेडेपणा केला की काय?

...

उन्हं कलली आणि ओळखीचा आवाज आला. विस्कटलेले पांढरे केस, धुळीने माखलेला सदरा आणि शाळकरी पोरासारखं हसू. सर फाटकात उतरले.

ऋता धावत सुटली. गाडीकडे बघायचंही तिला सुचलं नाही. “सर! आलात!”

“आलो.”

तिला हसू आवरेना, डोळ्यांत पाणीही आलं. “सर, सूट नको मला. पहिल्याच वर्षाला बसते.”

“का गं?”

“तुम्ही परत याल की नाही, याची वाट बघताना जे वाटत होतं ना... ते माझ्या प्रोग्राममध्ये कुठेच नाही.”

सरांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

“आणि मी आलेला दिसल्यावर जे झालं, ते?”