सशाचे टोमॅटो आणि घुशीचं बीळ

पोरांनो, नीट बसा आणि ऐका, मधे मधे प्रश्न नकोत. ओढ्याकाठच्या जंगलात एक ससा राहत असे. अंगात घाई इतकी, की बसल्या जागी त्याचे पाय हलायचे. त्याने टोमॅटोची वीस रोपं लावली होती. दिवसातून पाच वेळा तो पळसाच्या पानाचा द्रोण भरून उड्या मारत यायचा. निम्मं पाणी वाटेत सांडायचं, उरलेलं पानांवर शिंपडायचा, की पुन्हा पळाला ओढ्याकडे. तरी दुपारी रोपं माना टाकायची. आलेल्या चार फळांची बुडंही काळी पडली.

"मुळं कुणीतरी कुरतडतंय," झाडावरून माकड म्हणालं. त्याने जन्मात एक रोप लावलेलं नव्हतं, पण सल्ला तयार. बांधात घुशीचं बीळ होतं. झालं, ससा दगड गोळा करून तिच्या दारात उभा. "घूसबाई, सूर्य मावळायच्या आत चालतं व्हायचं. नाहीतर बीळ बुजवतो." आत घुशीची सहा पिल्लं होती. त्यांचे अजून डोळेही उघडले नव्हते. त्यांना घेऊन ती जाणार कुठे?

घूस रडली नाही. म्हणाली, "जाते. पण आधी एक रोप उकरून बघू. मूळ कुरतडलेलं निघालं, तर शेवटचा दगड मीच लावते."

"चोरालाच तपासाला बसवा," माकड खिदळलं. पण सशाने सगळ्यात सुकलेलं रोप दाखवलं. घूस भराभर उकरू लागली. ससा वाकून बघू लागला. माकडही फांदी सोडून खाली आलं. मूळ बाहेर आलं ते अख्खं. दाताची एक खूण नाही. पण सगळी मुळं वरच्या दोन बोटं मातीत गुंतलेली. घुशीने पंजा आणखी खाली घातला, तर पिठासारखी कोरडी माती निघाली.

"पाणी वरच राहतं, म्हणून मुळंही वरच राहिली. ऊन चढलं की भाजतात," घूस म्हणाली. "तू रोपांची तोंडं धुतोस रे, पोटात काही घालत नाहीस."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू थांबलास कधी?"

माकड गुपचूप झाडावर गेलं. सशाने उकरलेलं रोप परत लावलं, प्रत्येक बुंध्याभोवती आळं केलं, द्रोणामागून द्रोण सावकाश ओतला. पाणी वीतभर खाली मुरेपर्यंत हलला नाही. वर वाळलं गवत पसरलं. "आता दोन दिवस पाण्याला हात लावायचा नाही," घुशीने बजावलं. ससा स्वतःच्याच पायांवर बसून राहिला बिचारा. तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी बघतो तर काय, वीसच्या वीस रोपं ताठ. तो धावत बांधाकडे गेला. बिळापाशी रचलेले दगड एकेक करून उचलले आणि टोमॅटोच्या आळ्यांना लावले. पुढे काही दिवसांनी पहिली लाल फळं निघाली, बुडाला डाग नसलेली, ती सहा होती. ती कुणाच्या दारात गेली, हे सांगायला हवं का?

तात्पर्य : दुखणं पानावर दिसलं तरी आधी मूळ उकरून बघावं. न बघता दुसऱ्यावर आळ घेणारा स्वतःचंच पीक वाळवतो.