केरबांच्या गाडीतलं वायफाय

केरबा चौगुल्यांनी जुन्या टेम्पोचं फिरतं घर केलं आणि त्यात सिमकार्डावर चालणारं स्वस्तातलं वायफाय बसवलं. समुद्रकाठच्या रिसॉर्टात गाडी लावली, त्याच दिवशी गावी नातवाचं बारसं होतं. सोबत आलेली लेक सुलभा बाळाची आत्या. ती फोनवरून नाव ठेवणार होती.

तेवढ्यात मॅनेजर आला. "काका, आमच्या हद्दीत दुसऱ्याचं वायफाय चालत नाही. आमचं विकत घ्या, नाहीतर गाडी काढा."

केरबांनी आपल्या मोबाइलवरची वायफायची यादी त्याच्यापुढे धरली. "यात हे वरचं नाव कुणाचं दिसतंय?"

"आमच्या रिसॉर्टच्या वायफायचं."

"ही गाडी माझं घर. तुमचं वायफाय न विचारता घरात शिरलंय. आधी ते बाहेर काढा, मग माझं बंद करतो."

मॅनेजरनं वाकून ते नाव पुन्हा वाचलं. तोवर सुलभानं फोनवरून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं.