चमच्याचा फोटो

कॅमेरे बोलायचे आणि पक्षी भिडेखातर ऐकून घ्यायचे, त्या काळची गोष्ट. एका तळ्यावर चमचा नावाचा पक्षी होता. पसरट टोकाची चोच चिखलात इकडून तिकडे फिरवायची आणि लागेल ते किडूकमिडूक टिपायचं, हा त्याचा रोजचा धंदा. घरट्यात दोन खादाड पिल्लं, त्यामुळे बिचारा कायम दमलेला.

एका सकाळी झुडपाआडून कॅमेरा म्हणाला, "राव, तुमचा चरतानाचा फोटो हवाय. पण तुम्ही पाणी फार गढूळ करता. जरा स्थिर उभे राहता का?"

त्याला 'राव' म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तो उभा राहिला. पाणी निवळलं, त्यात चोच झकास दिसू लागली. मग ऊन तिरपं हवं झालं, मग मागचा बगळा नको झाला. असं करता करता दुपार कलली.

"फक्कड," कॅमेरा म्हणाला. "नाव देऊ, 'पोटभर चरणारा चमचा'."

चमचा रिकाम्या चोचीनं घराकडे निघाला. काठावर शेकाट्या नावाचा म्हातारा, लांब पायांचा पक्षी उभा होता.

"काय रे, पिल्लं सकाळपासून ओरडतायत."

"फोटो काढून घेत होतो, काका. चरतानाचा."

"असं होय. मला वाटायचं, तुला चमचा म्हणतात ते चोचीवरून."

अवघडलेल्या पायांनी चमचा पुन्हा तळ्यात उतरला आणि चिखल ढवळू लागला.

"अहो राव, पाणी बिघडतंय," झुडूप कुरकुरलं.

"बिघडू दे," चमचा वर न बघता म्हणाला. "आमचा स्वयंपाक यातच होतो."