चांगुणेची बांगडी

फार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्याइतका खारट झाला नव्हता तेव्हा, कांदळवाडीत चांगुणा नावाची बाई जाळी विणायची. तिच्या बोटांना डोळे होते, असं म्हणतात.

तेव्हा किनाऱ्यावर मासे इतके, की होडी लोटताना त्यांना "जरा सरका रे" म्हणावं लागे. पण माणसाची हाव समुद्राहून खोल. मासे घटले की लोक येत, "चांगुणे, भोकां जरा बारीक कर गो." ती करी. आणखी घटले की आणखी बारीक. शेवटी जाळ्यातून चिंचोका जाईना. बोटभर पिल्लंही उपसली गेली, आणि एके दिवशी जाळ्यात नुसता फेस आला.

गाव उठायची बोलणी सुरू झाली. चांगुणेचा नवरा हिरबा हा होड्यांचा म्होरक्या, तांडेल. त्यानेही भांडी बांधली. चांगुणेने मात्र एकही भांडं बांधलं नाही. ह्या वाळूशिवाय दुसरीकडे तिला झोप लागली नसती.

नारळी पुनवेला सगळे नारळ घेऊन आले. चांगुणेने हातातली एक हिरवी बांगडी उतरवली आणि समुद्रात टाकली. बायांनी तोंडाला पदर लावले. नवरा शेजारी उभा, आणि सवाष्ण बांगडी काढते!

"गो, मी अजून जितो आसंय!" हिरबा ओरडला.

"म्हणानच सांगतंय. पिल्लां जगांदेत, मगे आपण जगतलों."

बांगडी परत येईपर्यंत आपला जीव समुद्राकडे गहाण, असं हिरबाने मनाशी धरलं आणि भांडी सोडली. तांडेल हलेना, म्हणून गाव हलेना.

चांगुणेने जुनी जाळी उसवली आणि नवी विणली. हातातली दुसरी बांगडी आरपार जाईल, एवढं एकेक भोक.

"ह्यां जाळां की झोपाळो?" लोक हसले. शिंपल्या खात, तिला शिव्या घालत त्यांनी दिवस काढले. हिरबा रोज किनाऱ्यावर बांगडी शोधायचा.

मग एका सकाळी पाणी काळंभोर झालं. होड्या पाण्यावर नाही, माशांच्या पाठींवर तरंगल्या, असं म्हणतात. पहिल्याच जाळ्यात एक लठ्ठ मासा निघाला, आणि त्याच्या कमरेला करदोट्यासारखी घट्ट बसलेली हिरवी बांगडी! पिल्लू असताना बेट्याने सहज डोकं घातलं असणार. मग वाढला, आणि अडकला.

हिरबाने तेल लावून ती सोडवली, चांगुणेच्या हातात भरली आणि बसून ढसाढसा रडला. मासा तिने पाण्यात सोडला. त्या दिवसापासून त्या माशाला बांगडा म्हणतात. शहाणे म्हणतात, तसं काही नाही. शहाण्यांना जाळं विणता येतं का?

आजही कांदळवाडीत नवं जाळं समुद्रात जाण्याआधी एक सवाष्ण त्यातून हिरवी बांगडी आरपार काढते. अडकली, तर तांडेल कितीही मोठा असो, जाळं वाळूवरच राहतं. आणि गेली, की सगळ्या बाया एका सुरात हिरबाच्या नावाने ओरडतात, "जितो आसा!"