बसकी आंबी आणि पाणखारचा बांध

फार वर्षांपूर्वी, खाडीच्या काठावरच्या पाणखार गावात, आंबी नावाची एक बाई होती. किती वर्षांपूर्वी ते मला विचारू नका. जिनं मला ही गोष्ट सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं, आणि तिनं जिला विचारलं तिनं उत्तराऐवजी पाठीत धपाटा घातला होता. तेव्हा गुमान ऐका.

पाणखारला एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. पण उधाणाच्या पाण्यानं बांधाला भगदाड पाडलं, त्याला आम्ही खांड जाणं म्हणतो, की खारं पाणी शेतात शिरायचं. आणि खारं पाणी एकदा शिरलं की जमीन अशी रुसायची की तो पावसाळाभर तिच्या पाया पडलं तरी भात देत नसे.

म्हणून गावाचा नियम होता. सुगी संपली की पाऊस येईपर्यंत, रोज, प्रत्येक घरानं बांधावर ओल्या चिखलाच्या टोपल्या टाकायच्या. प्रत्येक घराला बांधाचा आपापला तुकडा नेमून दिलेला. घरात मयत असो की बाळंतीण असो, टोपली चुकवायची नाही. सकाळी माणूस माणसाला भेटला तर रामराम नाही म्हणायचा. म्हणायचा, "टाकली का टोपली?" आणि समोरचा म्हणायचा, "टाकली! तुझी?" ज्याच्या टोपल्या जास्त त्याचा मान जास्त. सगळ्यात जास्त टोपल्या गावच्या हाशा पाटलाच्या. त्याच्या मानेवर ओझ्यानं गाठ आली होती आणि ती गाठ तो पाहुण्यांना दाखवायचा.

इतकं सगळं करून दरवर्षी खांड जायचीच! कधी इकडे, कधी तिकडे, आणि जिकडे जाई तिकडचं भात बुडायचं. मग गाव म्हणायचं, आपणच कमी पडलो. पुढच्या वर्षी टोपल्या वाढवा. टोपल्या वाढल्या, बांध वाढला, खांडही वाढली. घरांची छपरं गळत होती, जाळी फाटली होती, पोरं शेंबडी हिंडत होती, कारण आईबाप बांधावर. हसू नका. तुम्ही घरी दुसरं काय करता?

आता आंबी. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, घर एकटीचं, आणि जीभ अशी की कोलीमची तिखट चटणी खाल्ल्यासारखी झोंबायची. एका वर्षी तिनं आपल्या तुकड्यावर मातीचा पहिला थर टाकला आणि खाडीत कालवं काढायला गेली. कालवाच्या धारदार शिंपल्यानं तिचा तळपाय फाटला. पाय सुजून भोपळा झाला. टोपली उचलायची म्हटलं तर उभं राहवेना. पण घरी बसावं तर गाव म्हणणार, आंबी कामाला भिऊन लपली. म्हणून ती रोज लंगडत बांधावर यायची, आपली टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर पाय लांब करून बसायची. दिवसभर. उन्हात.

लोक चिखल घेऊन जाता येता म्हणायचे, "काय गो आंबे, बांध उबवतेस काय?"

आंबी म्हणायची, "हो. पिल्लू निघालं की तुझ्या घरी पाठवीन."

तिचं नाव पडलं बसकी. बसकी आंबी. पाय बरा व्हायला लागला तेव्हा ती थोडी माती टाकायची आणि पुन्हा दमून बसायची. बाकीच्यांचे तुकडे तिच्या डोक्याच्याही वर गेले. तिचा तुकडा तेवढा बुटका, उन्हानं वाळून भेगाळलेला, घट्टे पडलेल्या टाचेसारखा.

मग पावसाळा आला, आणि पावसाळ्यातलं मोठं उधाण आलं. आंबीच्या डावीकडे खांड गेली. आंबीच्या उजवीकडे खांड गेली. आणि मधे आंबीचा तुकडा, एकटा, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा तसाच. असं म्हणतात की त्या दिवशी गावातल्या शहाण्या माणसांनाही घरी जायची वाट आठवेना.

हाशा पाटील तिच्या दारात आला. "आंबे, तू काय केलंस?"

"काही नाही."

"काहीतरी केलं असशील."

"अरे बाबा, तेच तर सांगते. काही नाही केलं."

आता याचा अर्थ काय लावायचा? गाव गोंधळलं. कुणी म्हणालं, हिला चेटूक येतं. कुणी म्हणालं, चेटूक येतं तर हिचं छप्पर का गळतं? कुणी म्हणालं, हिची मातीच गुणाची आहे. हे मात्र सगळ्यांना पटलं, कारण माती उचलता येते. पाणी ओसरल्यावर जो तो आला आणि आंबीच्या तुकड्यातली ढेकळं फोडून आपापल्या तुकड्यात नेऊन घालू लागला. नेली आणि वर लगेच ओला चिखल थापला. जो एक तुकडा उभा होता तोही गावानं उकरून अर्धा केला! आंबी काठी घेऊन आली. उरलेल्या अर्ध्यावर टोपली पालथी घालून बसली आणि जो जवळ येईल त्याच्या सात पिढ्या उद्धरू लागली.

त्या वर्षी भात झालंच नाही. सुगीच्या दिवसांत सुगी नव्हती, म्हणून गाव बांधावरच जमलं. पाटील म्हणाला, "आता पुढच्या वर्षी खांड गेली तर गाव उठलं समजा. देव टोपलीत घालायचे आणि डोंगराकडे चालायला लागायचं. म्हणून यंदा प्रत्येक घरानं दुप्पट टोपल्या टाकायच्या."

लोकांनी माना हलवल्या. माना हलवतानाही दुखत होत्या.

तेव्हा आंबी बसल्या जागेवरून ओरडली, "एक टोपली टाकायची नाही!"

"मग काय करायचं?"

"एक थर द्या, आणि टोपली पालथी घालून बसा. मातीला भेग पडून तिच्यात बोट जाईपर्यंत हात लावायचा नाही. मग दुसरा थर. पुन्हा बसा."

"का?"

इथे सगळे कान टवकारतात, की आता आंबी शहाणपण सांगेल. तिनं नाही सांगितलं. ती म्हणाली, "का ते मला काय ठाऊक? माझा तुकडा राहिला, तुमचे गेले. मी बसले होते, तुम्ही बसला नव्हता. एवढंच मला दिसतं."

पाटील म्हणाला, "आणि बसून खांड गेली तर?"

आंबीनं क्षणभर खाडीकडे पाहिलं, असं म्हणतात. मग म्हणाली, "खांड गेली तर त्या खांडीत मला घाला. वर माती टाका. तुझी हौसही फिटेल."

बाईचा शब्द आणि तोही खाडीसमोर दिलेला. पाटलाला तो घ्यावा लागला.

मग पाणखार बसलं. काय हाल झाले म्हणता! चिखल वाहायची सवय असलेल्या माणसाला बसवणं म्हणजे बैलाला पाळण्यात घालणं. हात वळवळायचे. सकाळी रस्त्यात भेटले की "टाकली का टोपली?" ओठावर यायचं आणि तिथंच अडकायचं. काहींना झोप येईना, काहींना झोपच झोप. एक म्हातारा रडायला लागला. म्हणाला, मी आता कशाला जिवंत आहे? आंबी म्हणाली, "जाळं विणायला." तो जाळं विणायला लागला. त्याचं पाहून दुसरे लागले. छपरं शाकारून झाली. पोरांची नाकं पुसली गेली. खोळंबलेली लग्नं लागली. शेतात पालापाचोळा जाळून राब वेळेवर भाजला, पेरणी वेळेवर झाली, लावणी वेळेवर झाली. इतकी कामं त्या गावानं जन्मात कधी केली नव्हती, आणि तरी प्रत्येकाच्या पोटात भीती, की आपण काम बुडवतोय. मोठं कोडं होतं बघा. काम तर चहूकडे झालेलं दिसत होतं, पण केल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं.

बांध बुटका होता. त्यावर पाय आपटला की जात्यावर आपटल्यासारखा वाटायचा.

भाद्रपदातली अमावास्या आली. भात पोटरीत होतं, कणसं बाहेर पडायची होती. भर दुपारी उधाण चढलं. ते असं आलं की खाडीचा पलीकडचा काठ दिसेना, पाणी बैलासारखं डुरकत होतं, आणि मासे बांधावरून डोकावून भात बघून गेले, असं म्हणतात. सगळं गाव बांधावर. बांध हलेना.

आणि मग हलला. कुठे? पाटलाच्या तुकड्यात.

कारण ऐका. हाशा पाटलाला बसवेना. साऱ्या गावाची जबाबदारी माझ्यावर, मी कसा बसू, असं म्हणून तो पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा आणि आपल्या तुकड्यावर गुपचूप ओला चिखल चढवायचा. त्यात पाप नव्हतं. जीव तुटत होता त्याचा. पण तेवढाच तुकडा वर कोरडा आणि आत शिऱ्यासारखा मऊ. पाण्यानं बरोबर तोच हुंगला आणि फोडला.

लोक टोपल्या घेऊन धावले. पाटील खांडीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "चूक माझी! मला घाला!"

आंबी लंगडत आली. तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. "गप रे. शब्द मी दिलाय." ती खांडीत उतरली. आपली टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली, पाण्याकडे तोंड करून, जशी रोज बसायची तशी. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं. मांडीवर आलं.

"घाला माती," ती म्हणाली.

कुणाचा हात उठेना. ज्या गावाला टोपली रिकामी केल्याशिवाय जेवण गोड लागत नसे, त्या गावाच्या हातात भरलेल्या टोपल्या तशाच राहिल्या. मग जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यानं आपली टोपली बाजूला ओतली, पालथी घातली आणि खांडीत आंबीच्या शेजारी बसला. त्याच्या शेजारी त्याची सून. तिच्या शेजारी दुसरी. खांद्याला खांदा, मांडीला मांडी, सारं पाणखार खांडीत रांग धरून बसलं. शेवटी एक फट उरली. हाशा पाटील रडत रडत तिच्यात बसला. जन्मात पहिल्यांदा बसला.

आणि पाणी आंबीच्या मांडीवर आलं ते वर चढेना. खेळून दमलेलं पोर आईच्या मांडीवर पडतं तसं ते तिथं पडून राहिलं. मग हळूच मागे सरलं. भात वाचलं, गाव वाचलं.

पुढं आंबीचं काय झालं? इथे माझंही डोकं चालत नाही. एक म्हणतात, ओहोटी लागली तेव्हा सगळे उठले आणि आंबी उठली नाही. तिच्या जागी पालथी टोपली होती आणि खाली दगडासारखी माती. दुसरे म्हणतात, छे, ती घरी गेली, ओलं लुगडं बदललं, पाटलाला दारात बोलावून मनसोक्त शिव्या दिल्या आणि म्हातारी होऊन खाटेवर मेली. दोन्ही सांगणारी माणसं खाडीची शपथ घेतात. खाडीची खोटी शपथ आमच्याकडे कुणी घेत नाही. मग दोन्ही खरं कसं? मी पुष्कळ विचार केला. शेवटी चूल पेटवली.

पण पाणखारला आजही बांधावर मातीचा थर पडला की सगळे टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसतात. ज्या जागी खांड गेली होती तिथे पाटलाच्या घरातला माणूस पहिला बसतो. त्याच्या आधी कुणी बसायचं नाही, आणि तो बसेपर्यंत कुणी हलायचंही नाही. आता माती टाकायला मोठं मशीन येतं. त्याच्या ड्रायव्हरलाही खाली उतरवतात आणि हातात टोपली देतात. तो विचारतो, "मावशी, हिच्यात काय भरू?"

बाया म्हणतात, "काही नाही. बस."

तो गोंधळून बसतो. आणि सगळे मिळून भेग पडायची वाट बघतात.