एका पायाची सुट्टी

पक्ष्यांच्या पाठीवर बसून खाडी ओलांडायची रीत होती, त्या काळची ही गोष्ट. मुंगूसशेठने या कामाला करकोचे ठेवले होते. ससे, खारी, घुशी यांना ते पलीकडे नेत आणि परतीचं गिऱ्हाईक येईपर्यंत तिथेच चिखलात उभे राहत.

एकदा त्यांच्यातली सगळ्यांत जुनी करकोचीण शेठकडे गेली. "मासे थोडे वाढवा, उद्याच्या फेऱ्या आज सांगा आणि अंडी उबवायच्या दिवसांत सुट्टी द्या," ती म्हणाली.

"माशांचं बघू, फेऱ्यांचंही बघू," शेठ म्हणाला. "पण सुट्टी कसली मागता? पलीकडे एक पाय पोटाशी घेऊन उभे राहता, मी पाहतो ना. त्या पायाला सुट्टीच असते."

करकोचीण पुढच्या फेरीला निघून गेली.

पुढे भाचीच्या लग्नासाठी शेठला पलीकडे जायचं होतं. तो त्याच करकोचिणीच्या पाठीवर बसला. खाडीच्या मध्यावर, खाली भोवरा गरगरत असताना, तिने शांतपणे विचारलं, "शेठ, एक पंख मिटून घेऊ का? तेवढीच त्याला सुट्टी."

शेठने तिची मान घट्ट धरली. "उतरल्यावर सगळं ठरवू, बाई."

"इथंच ठरवू," करकोचीण म्हणाली. "खाली उतरलं की तुम्हाला ऐकू येत नाही."