दुधाच्या दातांचा न्याय

एका राज्यात चोर पकडायला कोतवाल नव्हता, कुत्रा होता. सिंहासनाच्या डाव्या अंगाला तो बसे आणि दरबारात कुणी मनात कपट घेऊन आला, की उठून त्याची पोटरी धरी. चुकत म्हणून नसे. अग्निजिव्ह नावाच्या मांत्रिकाने सहा पिढ्यांपूर्वी हा कुत्रा राजाला दिला, सोबत पाच तेजोरत्नं दिली. एकेका रत्नाच्या तेजावर राज्यातली एकेक नदी वाहत होती. नदी रत्नावर कशी वाहते हे मला विचारू नका, वाहत होती एवढं खरं. जाताना मांत्रिकाने पुष्कळ काही बजावलं होतं. पण सहा पिढ्यांत त्यातलं 'याचा दात खोटं बोलत नाही' एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं.

त्यावरून कायदा झाला. राजश्वान ज्याला चावेल तो राजद्रोही. चावा पडला की नगारा वाजे, शिंगं फुंकली जात, सारा दरबार आरडाओरडा करत धावून येई, आणि चौथा दिवस उगवायच्या आत त्या माणसाने राज्याची शीव ओलांडायची.

या राज्यावर पद्मकेतू राजा राज्य करत होता. राजा भला, पण उतावळा. त्या कुत्र्याच्या वंशातला म्हातारा राजश्वान मेला, मागे त्याची मादी आणि पाच पिल्लं राहिली. पूर्वी पिल्लू वर्षाचं होईपर्यंत आईपाशीच असे. पद्मकेतूला तेवढा धीर कुठला? तो म्हणाला, "सिंहासनाचा कुत्रा श्वानशाळेच्या मातीत भावंडांबरोबर लोळणार नाही." डोळे उघडून चार दिवस झाले नाहीत तोच त्यातलं एक पिल्लू उचलून मखमलीच्या गादीवर ठेवलं गेलं. त्याचं नाव झिपरू.

झिपरू चार महिन्यांचा झाला आणि चावू लागला.

आधी सेनापतीची टाच धरली. सेनापती शिवेपार गेला आणि एक रत्न काळं पडलं. लोक म्हणाले, पाहा, केवढा द्रोही होता. मग माळी गेला, राजवैद्य गेला. मग सारजाबाई गेली. ही मुदपाकखान्यातली म्हातारी स्वयंपाकीण, राजाला लहानपणी हिनेच भरवलं होतं. चार माणसं गेली, चार रत्नं विझली, चार नद्यांच्या पात्रांत वाळू उरली. जितकी रत्नं विझत तितका लोकांचा झिपरूवर विश्वास वाढत होता.

आणि एके सकाळी झिपरूने राजकन्या चित्रांगीचा हात धरला. मनगटावर रक्ताचे दोन थेंब आले. नगारा वाजला.

राजा तिच्या महाली गेला तेव्हा ती गाठोडं बांधत होती.

"तू काय अपराध केलास, मुली?"

"काही नाही, आबा. पण सारजाबाईही असंच म्हणाली होती."

एकुलती एक लेक, आईवेगळी वाढवलेली. राजाने मुकुट काढून ठेवला आणि तो नगराबाहेरच्या वडापाशी एकटाच चालत गेला. अग्निजिव्ह केव्हाच वारला होता, पण त्याचा धनेश पक्षी त्या वडावर राहत होता आणि माणसासारखं बोलत होता. सहा पिढ्यांत त्याच्याशी बोलायला कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे तो जरा फुरंगटलेला होता.

"मांत्रिकाचं उरलेलं बोलणं मला सांग," राजा म्हणाला.

"निरपराध माणूस शिवेपार गेला, तर एक रत्न विझेल. पाचही विझली, तर राज्य उजाड होईल. हे तो तीन वेळा म्हणाला होता."

राजाने विझलेली रत्नं बोटांवर मोजली. "म्हणजे चौघंही निर्दोष. मग झिपरू खोटा?"

"झिपरूच्या तोंडात दुधाचे दात आहेत. दुधाच्या दातांनी कुठे न्याय होतो, राजा? तीन कामं कर. पहिलं, हे फळ खा."

राजाने फळ खाल्लं. घरी येईतो त्याच्या हिरड्या पेटल्या. काहीतरी चावावं, कचाकच चावावं, याखेरीज त्याला दुसरं सुचेना. दुपारपर्यंत सिंहासनाच्या चंदनी हातावर दातांच्या खुणा उठल्या. प्रधान शीलभद्रांनी त्या पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं; प्रधान असेच टिकतात. शेवटी राजाने थंड पाण्यात भिजवलेला पंचा तोंडात धरला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी फळाचा गुण उतरला. राजा कितीतरी वेळ झिपरूच्या लालबुंद हिरड्यांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी धनेशाने एक पीस दिलं. "हे कानामागे खोच. आज तुला त्याच्या डोळ्यांनी दिसेल."

राजाला गुडघाभर उंचीवरून दरबार दिसला. डोळ्यांपुढून धोतरांचे सोगे फडफडत जात होते, पदर लोळत होते. धर धर म्हणून बोलावतच होते जणू. वरून हात येत, डोक्यावर थापट्या मारत. डोळा लागला की कुणीतरी दर्शनाला येई आणि उठवी. तिसऱ्या प्रहरापर्यंत राजाचं डोकं भणभणलं, झोपेने डोळे जड झाले आणि अंगात नुसता थयथयाट भरला. तेवढ्यात झिपरूने भालदाराचा सोगा ओढला, तो किंचाळून पळाला आणि नगारजी टिपरू उचलून सरसावला. सोगाच होता, पोटरी नव्हे, म्हणून नगारा राहिला. पण टिपरू दिसताच पिल्लाच्या अंगात जो आनंद उसळला, तो राजालाही जाणवला. दात लावावा, की धावतात, ओरडतात, नगारा वाजतो. एरवी कोण त्याच्याशी खेळत होतं?

राजाला हसू आलं आणि लगेच चार माणसांची आठवण होऊन ते विरलं.

तिसऱ्या दिवशीचं काम अवघड नव्हतं. "श्वानशाळेत जाऊन बस," धनेश म्हणाला. "फळ नाही, पीस नाही. नुसता बस."

राजा मातीत बसला. झिपरूची चार भावंडं एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. एकाने दुसऱ्याचा कान जोरात धरला. दुसरं केकाटलं आणि खेळ सोडून पाठ फिरवून बसलं. पहिलं गोंधळलं. थोड्या वेळाने दबकत आलं आणि या खेपेला कान हळूच धरला. खेळ पुन्हा सुरू झाला. सकाळभर हेच चाललं होतं. आईने मध्ये पडायची गरजही पडली नाही.

दात किती लागतो हे पिल्लू इथे शिकतं, आणि झिपरूला इथून उचललं कुणी? राजा उठला तेव्हा त्याच्या वस्त्रांना माती लागली होती. ती त्याने झटकली नाही.

तिसऱ्या प्रहरी दरबार भरला. चित्रांगी गाठोडं घेऊन उभी होती. राजाने सर्व हकीकत सांगितली.

"महाराज," शीलभद्र म्हणाले, "लेकीच्या मायेने आपण बोलता. सहा पिढ्यांचा कायदा आहे."

"मग कायद्यासमोरच पाहू," राजा म्हणाला आणि झिपरूपुढे जाऊन आपला हात त्याच्या तोंडापाशी नेला.

झिपरूने तो कचकन चावला. राजाच राजद्रोही ठरला होता. नगारजीने टिपरू उचललं.

"नगारा वाजवू नकोस. कुणी हलू नका. सगळ्यांनी पाठ फिरवा."

राजाने "आई गं" असं हळू म्हटलं, हात सैल सोडला आणि स्वतःही पाठ फिरवली. मनात धास्ती होती. पिल्लाने पुन्हा दात लावला, तर लेक जाणार होती. पाचशे माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. झिपरूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणी धावेना, कुणी ओरडेना. तो एकदा भुंकला. मग खाली बसला.

राजा वळला. भिजवून गाठ मारलेला पंचा त्याने पुढे केला आणि झिपरू तो जिवाच्या आकांताने चावू लागला. घटकाभराने चित्रांगीने त्याच्यापुढे हात नेला. त्याने तो तोंडात धरला. हळू. कातडीवर नुसता ओलावा उमटला. मग तिच्या पायांशी पडून तो घोरू लागला.

शीलभद्रांनी पुढे होऊन राजकन्येच्या हातातलं गाठोडं घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

झिपरू त्या दिवशी सुधारला असं समजू नका. पुढे दोन महिने त्याने पुष्कळ सोगे फाडले. पण त्याला झोपू दिलं जाई, रोज सकाळी भावंडांत सोडलं जाई, आणि चावला की खेळ थांबे. दुधाचे दात पडले, पक्के आले. वर्षभरात तो शहाणा झाला.

त्याआधीच राजा शिवेवर गेला होता. दूत पाठवला नाही, स्वतः गेला. सेनापती परतला आणि एक रत्न उजळलं. माळी आला, वैद्य आला, दोन नद्या खळाळल्या. सारजाबाई मात्र धनेशाचं बोलणं ऐकूनही शिवेच्या दगडापलीकडे आपल्या खोपटापुढे बसून राहिली.

"कुत्र्याने सांगितलं म्हणून गेले," ती म्हणाली. "आता काय, पाखराने सांगितलं म्हणून येऊ?"

"कुणी सांगितलं म्हणून नको," राजा म्हणाला. "मी चुकलो, सारजाबाई. कुत्रा लहान होता. मी नव्हतो."

सारजाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि तिने शिवेचा दगड ओलांडला तेव्हा चौथ्या नदीला पाणी आलं. तिचं गाठोडं राजाने आपल्या खांद्यावर घेतलं. नगरापर्यंतची वाट लांब होती. दोघं सावकाश चालत गेली, आणि आपली गोष्टही त्यांच्यामागून घरी पोचली.